जमिनीची साक्ष : जलजला, रावी आणि दख्खनचा कातळ

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत जमीन हलली. तीव्रता ४.५ होती आणि केंद्र हिंगोलीच्या कळमनुरी तालुक्यात होते. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहानंतर असाच धक्का बसला होता. ते रमजानचे दिवस होते. सहेरी आणि फजर आटोपून लोक नुकते आडवे झाले होते. पहिल्या धक्क्यानंतर दहा-बारा मिनिटांत दुसरा आला.

दोन्ही वेळा धक्क्यापाठोपाठ फोन वाजू लागले. कुणी सांगितले की आज रात्री आठ रिश्टरचा येणार आहे. कुणी सांगितले की हा आपल्या गुनाहांचा अजाब आहे. कुणी सांगितले की सरकार जमिनीखाली बार उडवत आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात तर गेली अनेक वर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात. तिथल्या लोकांनी असे खुलासे इतके ऐकले आहेत, की आता खऱ्या खुलाशावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

मी भाषा शिकवतो, भूशास्त्र नाही. पण ‘जमिनीखाली काय आहे हे माणसाला कळते तरी कसे’ हा प्रश्न मला वर्गात विचारला गेला. त्याच्या उत्तराचा इतिहास शोधताना माझ्या लक्षात आले की हा मुळात साक्षीचा प्रश्न आहे. साक्ष कुणाची घ्यायची, किती जणांची घ्यायची आणि ती कशी तपासायची, यावर आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे डोके झिजवले आहे. म्हणून हा लेख.

शब्दापासून सुरुवात

अरबीत भूकंपाला ‘जलजला’ म्हणतात. दोन अक्षरांची जोडी दोनदा येते आणि हा शब्द तयार होतो. उच्चारतानाच काहीतरी हलते आहे असे वाटते. मराठीत ‘थरथर’, ‘गदगद’, ‘लटलट’ हे शब्द याच तऱ्हेने बनले आहेत. कुरआनातली ९९वी सूरत याच नावाची आहे आणि तिच्यात जमिनीच्या बोलण्याचा उल्लेख येतो. तो कयामतचा प्रसंग आहे. त्यातून आजचे विज्ञान ओढून काढायची हौस मला नाही. कुरआन ही हिदायतची किताब आहे, तिला भौतिकशास्त्राचे क्रमिक पुस्तक बनवण्याने तिची शान वाढत नाही. पण जमीन बोलू शकते ही कल्पना आपल्या कानाला परकी नाही, एवढे मात्र खरे.

मुस्लिम जगातल्या विद्वानांनी भूकंपाकडे दोन अंगांनी पाहिले. एक अंग कारणांचे. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी ‘किताब अल-शिफा’मध्ये पर्वत कसे बनतात आणि जमीन का हलते याची चर्चा केली. जमिनीच्या पोटात कोंडलेली वाफ आणि वारा तिला हलवतो, असे ग्रीकांच्या परंपरेनुसार त्यांनी मांडले. आज हे कारण कुणी मानत नाही. पण जमीन उचलली जाऊन आणि पाण्याने कोरली जाऊन डोंगर तयार होतात, हे त्यांचे निरीक्षण टिकले. त्यांचेच समकालीन अल-बिरुनी हिंदुस्थानात आले. त्यांनी पाहिले की डोंगराजवळच्या नद्यांत मोठाले धोंडे असतात, पुढे गोटे होतात आणि समुद्राकडे जाता जाता नुसती रेती उरते. त्यावरून उत्तर हिंदुस्थानचे मैदान गाळाने भरलेला जुना समुद्र असावा, असा तर्क त्यांनी केला. अभ्यासाची ही रीत भूशास्त्राचीच आहे.

दुसरे अंग नोंदींचे. कैरोचे जलालुद्दीन सुयुती (१४४५-१५०५) यांनी भूकंपांवर एक स्वतंत्र किताब लिहिली : ‘कश्फ अल-सलसला अन वस्फ अल-जलजला’. तिच्यात त्यांनी वर्षवार भूकंप मांडले. कुठे झाला, काय पडले, किती वेळ हलले, हे जुन्या इतिहासग्रंथांतून वेचून काढले. १८४३ मध्ये अलॉइस स्प्रेंगर यांनी तिचा इंग्रजी तर्जुमा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. विसाव्या शतकात निकोलस अँब्रेसिस यांच्यासारख्या भूकंपतज्ज्ञांनी इजिप्त-अरबस्तानचा भूकंप-इतिहास लिहिताना अशाच अरबी बखरींचा आधार घेतला. सुयुती ज्या साली वारले त्याच साली, १५०५ मध्ये, काबूल हादरले. एका दिवसात ३३ धक्के मोजल्याची नोंद बाबरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे.

सुयुतींच्या मनात भूकंप ही अल्लाहने दिलेली ताकीदच होती. तरीही त्यांनी तारीख, ठिकाण आणि नुकसान लिहून ठेवले. श्रद्धा आणि नोंद यांचे एका माणसात भांडण झाले नाही. आज जे ‘अजाब आहे’ एवढे म्हणून मोबाइल खिशात टाकतात, त्यांनी सुयुतींकडून निदान तारीख लिहायला शिकावे.

पाहुण्या लहरी आणि विकतच्या लहरी

जमीन हलते तेव्हा तिच्यातून लहरी निघतात. त्यांतली सगळ्यात वेगवान लहर दाबत-सैलावत पुढे जाते, हवेतल्या आवाजासारखी. तिच्या मागून येणारी लहर जमिनीला आडवे हलवते. तिच्याही मागून पृष्ठभागाला धरून चालणाऱ्या लहरी येतात, ज्या घरे पाडतात. १२ जून १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. दूरदूरच्या यंत्रांनी काढलेल्या रेघांत या तीन लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात, हे त्यांनी दाखवले. १९०६ मध्ये त्यांनीच लहरींच्या प्रवासावरून पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे हे सिद्ध केले. त्यानंतर तीनच वर्षांनी क्रोएशियात आंद्रिया मोहोरोविचिच यांनी जमिनीच्या कवचाचा तळ शोधला. त्या सीमेला आजही ‘मोहो’ म्हणतात. पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत कुणी गेले नव्हते. लहरी जाऊन आल्या आणि त्यांनी साक्ष दिली.

पण भूकंप हा पाहुणा असतो. तो कधी येईल, कुठे येईल, हे सांगत नाही. म्हणून माणसाने विकतचा धक्का तयार केला. आयर्लंडचे इंजिनिअर रॉबर्ट मॅलेट यांनी १८४९ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर बंदुकीची दारू उडवली आणि तो धक्का वाळूतून किती वेगाने जातो ते मोजले. पहिल्या महायुद्धात शत्रूची तोफ कुठे आहे हे आवाजावरून ओळखायची विद्या वाढली आणि युद्ध संपताच तीच विद्या तेलाच्या शोधाला लागली. जर्मनीच्या लुडगर मिंट्रोप यांनी १९१९ मध्ये पेटंट मागितले. अमेरिकेत जॉन कार्चर यांनी १९२१ मध्ये ओक्लाहोमात खडकाच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपले. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे समुद्राच्या तळाशी असलेली बॉम्बे हायची रचनाही अशाच सर्वेक्षणातून आधी कागदावर दिसली. ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तिथे तेलाला हात घातला तो त्यानंतर.

कान कसे लावतात

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. तीन गोष्टी लागतात : धक्का, कान आणि घड्याळ.

धक्क्यासाठी शेतात बोअर घेऊन त्यात थोडी स्फोटके पुरतात, किंवा मोठा ट्रक आणतात. ट्रकच्या पोटाखालची जड पाटी जमिनीवर टेकते आणि काही सेकंद ठरावीक चालीने थरथरते. चाल आधी संथ असते, मग वाढत जाते.

कान म्हणजे जिओफोन. मुठीत मावणारा डबा, खाली खिळा. खिळा जमिनीत रोवतात. आत स्प्रिंगला टांगलेले तारेचे वेटोळे आणि एक चुंबक असतो. जमीन हलली की डब्यासोबत चुंबक हलतो, वेटोळे जडत्वामुळे मागे राहते आणि तारेत बारीकशी वीज निर्माण होते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा जो प्रयोग होतो तोच हा, फक्त शेतात नेलेला. असे शेकडो जिओफोन एका रेषेत लावतात.

घड्याळ सगळ्यात महत्त्वाचे. धक्का दिला तो क्षण आणि प्रत्येक कानाला तो ऐकू आला तो क्षण, यांतले अंतर हजारांश सेकंदात मोजावे लागते. यंत्र साधारण दर दोन हजारांश सेकंदाला एक आकडा लिहिते, म्हणजे सेकंदाला ५०० आकडे. सहा सेकंद ऐकले तर एका कानाचे ३,००० आकडे होतात. कान २४० असले तर एका धक्क्याचे ७,२०,००० आकडे होतात. मग सगळी रांग थोडी पुढे सरकवायची आणि पुन्हा धक्का द्यायचा. दिवसाला असे कितीतरी धक्के.

हिशेब सोपा आहे. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, यातून लहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने जाते असे धरू. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये काळ्या पाषाणाचे थर ३३८ मीटरवर संपले होते. तिथे लहर खाली जाऊन परत यायला ६७६ मीटर चालणार. वेळ लागेल ०.१३५ सेकंद. पापणी लवते न लवते तोच जमिनीचा जबाब येऊन गेलेला असतो.

पण वेळ मोजता येते, खोली मोजता येत नाही. खोली काढायला वेग माहीत हवा. काळ्या मातीतून लहर सेकंदाला काही शे मीटर चालते, पाण्यातून दीड किलोमीटर, वाळूच्या दगडातून दोन ते चार किलोमीटर, ग्रॅनाइटमधून सुमारे सहा. वेग चुकला की खोली चुकली. यंत्राने दिलेले आकडे खरे असूनही चित्र खोटे निघू शकते. म्हणून टिपण्याच्या कामापाठोपाठ पारखण्याचे काम येते. त्याला प्रोसेसिंग म्हणतात.

रावी आणि रिवायत

हे पारखणे मला हदीसच्या शास्त्रावरून सगळ्यात लवकर समजले, म्हणून तसेच मांडतो. तुलना विषय समजून घेण्यापुरतीच आहे. मुहद्दिसांपुढे लाखो रिवायती होत्या. त्यांनी प्रत्येक रिवायतीमागची साखळी, म्हणजे इस्नाद, तपासली. कुणी कुणाकडून ऐकले, दोघांची भेट शक्य होती का, रावीची याददाश्त कशी होती, हे सगळे पाहिले. या पारखण्याला ‘जर्ह व तादील’ म्हणतात.

जमिनीच्या लहरीलाही साखळी असते. धक्का, काळी माती, मुरूम, कातळ, खालचा थर, मग परतीचा तोच रस्ता आणि शेवटी जिओफोन. प्रत्येक टप्प्यावर निरोपात काहीतरी भेसळ होते. प्रोसेसिंग करणारा एकेक भेसळ काढतो.

पहिले काम नोंदणीचे : कोणता कान कुठे होता, धक्का कुठे दिला, याचा पक्का तपशील लावणे. हे चुकले तर पुढचे सगळे वाया. दुसरे काम वरच्या मातीची दुरुस्ती. आपल्या भागात एका शेतात काळी माती वीत-दोन वीत असते, तर नदीकाठी पुरुषभर आणि त्याहून जास्त. मऊ मातीत लहर रेंगाळते. एका कानाला निरोप उशिरा मिळाला म्हणून खालचा थर तिथे खोल गेला असे म्हणता येत नाही. रावी चिखलातून आला, म्हणून त्याला उशीर झाला. ती वेळ वजा करावी लागते.

तिसरे काम आवाज स्वच्छ करण्याचे. धक्का क्षणाचा असला तरी जमिनीत जाऊन तो लांबतो, रिकाम्या हौदात बोलल्यासारखा घुमतो. ही घुमणी गणिताने काढून टाकायची रीत १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एन्डर्स रॉबिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी बसवली. भूशास्त्रात संगणकाला पक्की जागा मिळाली ती या कामामुळे.

चौथे काम मला सर्वांत जास्त भावते. जमिनीखालचा एकच बिंदू घ्यायचा आणि त्याची साक्ष वेगवेगळ्या रस्त्यांनी मिळवायची. धक्का इथे आणि कान तिथे, मग धक्का थोडा लांब आणि कान तेवढाच दुसऱ्या बाजूला लांब. प्रत्येक वेळी लहर त्याच बिंदूवरून परतते, पण वेगळ्या वाटेने. लांबच्या वाटेने आलेल्या निरोपाचा जास्तीचा वेळ दुरुस्त करायचा आणि सगळे निरोप एकमेकांवर ठेवून बेरीज करायची. ही कल्पना अमेरिकेचे हॅरी मेन यांनी १९५०मध्ये पेटंटसाठी मांडली. खरा प्रतिध्वनी प्रत्येक निरोपात त्याच जागी असतो, म्हणून बेरजेत मोठा होतो. वाऱ्याची, बैलगाडीची, इंजिनाची खडखड प्रत्येक वेळी वेगळी असते, म्हणून आपसांत कटते. ६४ निरोप एकत्र केले तर गोंगाटाच्या तुलनेत खरा आवाज ८ पट उठून दिसतो.

हदीसशास्त्रात जी रिवायत प्रत्येक पिढीत इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून आली की त्यांनी मिळून खोटे रचणे अशक्य, तिला ‘मुतवातिर’ म्हणतात. दोन्हीकडे अट एकच : साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. जमिनीवरून सरपटत येणारी लहर किंवा दोन थरांमध्ये आपटत राहणारा खोटा प्रतिध्वनी प्रत्येक कानाला सारखाच ऐकू येतो. नुसत्या बेरजेने तो पुरता कटत नाही, उलट कधी कधी खरा वाटू लागतो. त्याला वेगळा ओळखून बाहेर काढावे लागते.

मोबाइलवरचा ‘आज रात्री आठ रिश्टर’ हा संदेश याच जातीचा. तो हजार जणांनी पाठवला म्हणून मुतवातिर होत नाही. हजार तोंडांमागे रावी एकच असतो आणि तोही बेनाम. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारी कोणतीही रीत आजच्या विज्ञानाकडे नाही. त्यामुळे असा संदेश साखळी तपासायच्या आधीच बाद होतो.

शेवटचे काम जागेवर बसवण्याचे. तिरप्या थरावरून परतलेली लहर चित्रात भलत्याच जागी दिसते. तिला तिच्या खऱ्या जागी नेणे याला मायग्रेशन म्हणतात. एवढे सगळे झाल्यावर जे चित्र भूशास्त्रज्ञाच्या टेबलावर येते ते फोटोसारखे दिसते. पण ते छायाचित्र नसते. माणसांनी घेतलेल्या शेकडो निर्णयांचा तो निकाल असतो. म्हणून चांगला भूशास्त्रज्ञ आधी विचारतो : वेग कोणता धरला? मातीची दुरुस्ती कशी केली? काय काढून टाकले?

दख्खनचा बोलू न देणारा कातळ

मराठवाड्यात या विद्येची खरी कसोटी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट एकावर एक पसरले. विहीर खोदणाऱ्या वडाराला हे पुस्तकाशिवाय माहीत असते. वर काळी माती, मग मुरूम, मग मऊ मांजऱ्या, मग घणाला दाद न देणारा काळा पाषाण, मध्येच तांबडा पट्टा आणि पुन्हा तोच क्रम. प्रत्येक लोटाचा माथा सच्छिद्र, पोट टणक. लहरीच्या दृष्टीने हा भूलभुलैया आहे. प्रत्येक सीमेवर ती फुटते, विखुरते. वरून धक्का कितीही जोरात द्या, खाली थोडाच पोचतो आणि परत त्याहून थोडा येतो. जाड्या, संथ चालीच्या लहरी त्यातल्या त्यात टिकतात.

दुसरी अडचण आणखी गमतीची आहे. लांबून ऐकायची जी पद्धत आहे तिच्यात लहर जास्त वेगाच्या थराला लागून धावते आणि वर परतते. वेग खाली वाढत गेला तरच हे जमते. बेसॉल्टखाली जर वाळूच्या दगडाचा मंद थर दडलेला असेल तर लहर तिथे खाली वाकते आणि त्या थराची बातमी थेट वर येतच नाही. तो थर असून नसल्यासारखा. तेल, वायू आणि जुना गाळ याच थरात असू शकतो, म्हणून त्यासाठी एवढा आटापिटा.

या कातळाखाली ऐकायचा मोठा प्रयत्न हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९६१) केला. सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने १९७२ पासून दक्षिणेत कावली ते उडुपी अशी सुमारे ६०० किलोमीटरची रेषा घेतली. मग कोयनेच्या भूकंपाचे कोडे समोर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले होते आणि जवळपास २०० माणसे गेली होती. म्हणून गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषा पश्चिम महाराष्ट्रातून काढल्या. के. एल. कैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये निष्कर्ष छापले. तिथे कवचाचा तळ साधारण ३६ ते ४० किलोमीटर खोल निघाला. पुढे नर्मदा-तापीच्या पट्ट्यातल्या रेषांवरून बेसॉल्टखाली दडलेल्या जुन्या गाळाचे खोरे कैला यांनी दाखवले. भारताच्या २६ गाळखोऱ्यांच्या यादीत ‘दख्खन सिनेक्लाइज’ हे नाव आहे, ते या दडलेल्या थरांमुळेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ज्या खोऱ्यांकडे आजवर लक्ष गेले नव्हते त्यांच्यासाठी ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांचे सर्वेक्षण हाती घेतले. गावात वायरी पसरल्या, ट्रक थरथरले, लोकांनी हजार तर्क केले. त्या वायरी कान होत्या, एवढे कुणी गावकऱ्याला चार सोप्या वाक्यांत सांगितले असते, तर निम्म्या अफवा उगवल्याच नसत्या.

हैदराबादची विसरलेली कडी

राष्ट्रीय संस्था हैदराबादेत आहे आणि परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होती. हिंगोली तर १ मे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. त्यामुळे हा इतिहास आमच्या घरचा आहे. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पैशाने दुर्बीण आणून हैदराबादेत वेधशाळा सुरू केली. त्यांच्या निधनानंतर निजाम सरकारने ती ताब्यात घेतली आणि बेगमपेठेत नेली. ‘निजामिया वेधशाळा’ म्हणून ती नावाजली. ताऱ्यांच्या जोडीने तिथे भूकंपमापकाच्या रेघाही उमटू लागल्या. १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

उस्मानियात शिक्षण उर्दूतून होते. त्यासाठी १९१७ मध्ये ‘दारुत्तर्जुमा’ स्थापन झाले. मौलवी अब्दुल हक, ज्यांनी औरंगाबादेतून अंजुमन तरक्की-ए-उर्दू चालवली, ते त्याच्या सुरुवातीच्या उभारणीत होते. वहीदुद्दीन सलीम यांनी पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावर ‘वज्ए-इस्तिलाहात’ ही किताब लिहिली. भूकंपमापकाला उर्दूत ‘जलजला-पैमा’ म्हणतात. किती सरळ शब्द. मराठीत ‘भूकंपमापक’, तोही तितकाच सरळ. दोन्ही भाषांत विज्ञान बोलायची ताकद होती आणि आहे. १९४८ नंतर उर्दू माध्यम बंद झाले आणि ती पिढीही गेली. आज उर्दू शाळेतल्या मुलाला वाटते की विज्ञान हे फक्त इंग्रजीचे घर आहे आणि आपण बाहेरच्या ओट्यावर बसायचे. शिक्षक म्हणून हे मला सलते. परभणी-हैदराबाद रेल्वेने एका रात्रीचा प्रवास आहे. जमिनीला कान लावणारी देशातली सगळ्यात मोठी संस्था त्या रात्रीच्या टोकाला आहे. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. तरी आमच्या मोहल्ल्यातून भूशास्त्राला गेलेला मुलगा किंवा मुलगी शोधावी लागते.

किल्लारीने शिकवलेले

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्याने विसरू नये. अनंत चतुर्दशीची रात्र होती, विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खन अचल आहे, असे सगळे मानत होते. नंतर नकाशा बदलला आणि २००२ मध्ये लातूरचा पट्टा वरच्या गटात टाकला गेला.

माणसे मात्र धक्क्याने मेली नाहीत, घरांनी मारली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाडजूड गोट्यांच्या भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी ही घरे हादऱ्यात कबरी झाली. ना भिंतींना लांब जोडदगड होते, ना चारही भिंतींना बांधणारा पट्टा. आमच्या जिंतूर-सेलूकडच्या आणि कळमनुरी-वसमतच्या कितीतरी गावांत अशी घरे आजही उभी आहेत. ४.५ च्या धक्क्यात त्यांना तडे गेले. ही जमिनीने दिलेली स्वतंत्र साक्ष आहे, आणि तिची साखळी सहीह आहे.

म्हणून माझ्या वाचकांकडे तीन मागण्या आहेत. एक, प्रत्येक शाळेत भूकंपाचे रजिस्टर ठेवा. धक्का कधी बसला, किती सेकंद चालला, आवाज आधी आला की नंतर, कोणत्या दिशेची भिंत तडकली, हे त्याच दिवशी लिहा. ज्याने अनुभवले त्यानेच लिहावे, ऐकीव नको. सुयुतींनी एवढेच केले होते आणि पाचशे वर्षांनी ते कामी आले. दोन, मशीद, मदरसा, समाजमंदिर किंवा शाळा बांधताना मिस्त्रीला खिडक्या-दारांच्या वरच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा घालायला सांगा. मिनाराच्या उंचीसाठी वर्गणी जमते, पट्ट्याच्या सळीसाठीही जमवा. तीन, कळमनुरी-वसमतच्या पट्ट्यात कायमची भूकंपमापक यंत्रे पुरेशा संख्येने असावीत आणि त्यांच्या नोंदी मराठीत आणि उर्दूत गावापर्यंत पोचाव्यात, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करा. ठरावाचा कागद अर्जापेक्षा जड असतो.

पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीचा आवाज ऐकू येतो. त्यांना कुणी वेडे ठरवू नये आणि कुणी घाबरवूही नये. ते रावी आहेत. त्यांच्या रिवायतीला यंत्रांची जोड मिळाली की त्या आवाजाची खोली आणि जागा दोन्ही सांगता येईल. तोवर त्यांनी ऐकलेले तारीख-वेळेसह लिहून ठेवावे, आणि आपण त्यांची वही जपावी.